निनावी मेसेज कोणी पाठवला हे कळण्यासाठी ॲपला पैसे भरावेत का?

मंजिरी_नाशिक:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझी भाची अकरावी सायन्सला आहे, शिकायला माझ्याकडे नाशिकला राहते. ताई आणि भावोजी चोपड्याला असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या वर्गात एक टूम निघाली. एक ॲप घ्यायचं, त्यातून लिंक काढायची आणि इन्स्टाच्या स्टोरीला लावायची, 'मला निनावी मेसेज पाठवा' म्हणून. ज्याला हवं तो लिंक उघडून लिहितो, त्याचं नाव कुठेच दिसत नाही. हिनेही लावली. सुरुवातीला सगळं गोड होतं. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला गायली त्यावर 'आवाज भारीये तुझा', 'केमिस्ट्रीच्या नोट्स देशील का', असलं काय काय. ती मला हौसेने वाचून दाखवायची.

मग लागोपाठ तीन मेसेज आले. एक, 'तू काय केलंस ते मला माहीत आहे.' दुसरा, 'मैत्रिणी तुझ्यामागे काय बोलतात ते तुला कळलं तर?' हे दोन्ही इंग्रजीत, स्वच्छ व्याकरणात. तिसरा मराठीत, त्यांच्या वर्गातली पोरं एरवी लिहितात तसा: 'स्टेजवर जायच्या आधी पाणी म्हणायला शिक, पानी नाही.'

त्या दिवसापासून प्रॅक्टिसला जाणं बंद आहे. जेवताना फोन उलटा ठेवते आणि दर दोन घासांनी उचलून बघते. तिचा संशय बाकावरच्या मैत्रिणीवर आहे. दोघी पहिल्या दिवसापासून जोडीने होत्या, आता ही तिच्याशी बोलत नाही, मुद्दाम उशिराच्या बसने येते. प्रत्येक मेसेजखाली 'कोणी पाठवलं?' असं बटण आहे, दाबलं की दर आठवड्याचं शुल्क मागतात. ती माझ्या मागे लागली आहे, 'मावशी, एकदाच यूपीआय कर, मला फक्त नाव बघायचंय.'

भरू का? पोलिसांत जायचं का? आणि ताईला सांगायचं का? ती लगेच पोरीला परत घेऊन जाईल अशी भीती वाटते.

सह्यवारा:

फोन काढून घ्या. बारावी होईपर्यंत बटणांचा साधा फोन द्या, व्हॉट्सॲप लागलं तर तुमच्या फोनवर बघेल. माझ्या मुलाला तसाच दिला होता, कॉलेज नीट पार पडलं. या वयात मुलांना एकटं सोडणं मला पटत नाही.

अपर्णा_सांगली:

मंजिरीताई, पैसे अजिबात भरू नका. आधी एवढं मनाशी पक्कं करा, मग बाकीचं बोलू.

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि हा प्रकार दर वर्षी नव्या नावाने वर्गात येताना बघते. तुमच्या भाचीकडे कोणतं ॲप आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण याच धाटणीच्या एनजीएल नावाच्या ॲपचं काय झालं ते सांगते, कारण तुम्ही लिहिलेला पहिला मेसेज वाचून मी दचकलेच.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी मिळून एनजीएलवर कारवाई केली. आरोप असा की कंपनी स्वतःच खोटे मेसेज तयार करून पोरांना पाठवत होती आणि ते ओळखीच्या माणसांकडून आल्यासारखे दाखवत होती. आयोगाने त्या मेसेजचे जे नमुने दिले त्यात एक होता, 'तू काय केलंस ते मला माहीत आहे.' तुमच्या भाचीला आलेलं वाक्य शब्दशः हेच आहे. दुसरा होता, 'मी विचारलं तर हो म्हणशील का?' असा मेसेज आला की कोणत्या सोळा वर्षांच्या पोराला झोप लागेल? मग 'कोण ते बघा' म्हणून आठवड्याला ९.९९ डॉलरपर्यंत घ्यायचे. पैसे भरलेल्यांना नाव मिळतच नव्हतं, काहीतरी मोघम खूण मिळायची, आणि मेसेज कंपनीनेच पाठवलेला असेल तर ती खूणही बिनबुडाची. लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा कंपनीतल्या वरिष्ठांनी आपसांत त्यांना मूर्खात काढलं, तेही आयोगाने कागदावर आणलं. शेवटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि १८ वर्षांखालच्यांना हे ॲप देण्यावर बंदी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सेंडइट नावाच्या ॲपवर त्याच आयोगाने अशाच स्वरूपाचा दावा लावला.

म्हणून 'कोणी पाठवलं' हे विचारण्याआधी 'माणसाने पाठवलं का' हे विचारायला हवं. तुम्ही स्वतःच लिहिलंय, दोन मेसेज स्वच्छ इंग्रजीत आहेत आणि वर्गातली पोरं तसं लिहीत नाहीत. त्या दोन्हींत भाचीबद्दलची अशी एकही गोष्ट नाही जी फक्त ओळखीच्या माणसाला ठाऊक असेल. ना कॉलेज, ना बाक, ना गाणं. जगातल्या कुठल्याही पोरीला पाठवले तरी ते लागू पडतील. याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. तुमच्या फोनवर ते ॲप घ्या, नवं खातं काढा, लिंक तयार करा आणि ती कुठेही टाकू नका, कोणालाही पाठवू नका. भाचीला शेजारी बसवून हे करा. मग वाट बघा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी एनजीएलवर हेच करून पाहिलं होतं आणि कोणालाच न दिलेल्या लिंकवर मेसेज येऊन पडले होते. खातं काढताना फोनमधले संपर्क बघण्याची परवानगी मात्र देऊ नका.

तिसरा मेसेज वेगळा आहे. तो माणसाचाच आहे आणि त्याने तिला प्रॅक्टिसला बसलेलं बघितलंय. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

आमच्या वेळी गॅदरिंगला फिशपॉन्ड असायचे. ग्रंथालयाच्या दाराशी खोका ठेवलेला, ज्याला जे वाटेल ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव लिहायचं नाही. मी दोन वर्षं त्या समितीत होते. आदल्या रात्री आम्ही पाच-सहा जण आणि मराठीचे सर खोका पालथा करून बसायचो. जातीवर, रंगावर, कोणाच्या घरच्या परिस्थितीवर, बोलण्याच्या ढबीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या निघायच्याच, आणि दर वर्षी निघायच्या. सर त्या वाचायचे, फाडायचे आणि तुकडे खिशात ठेवायचे, केराच्या टोपलीतसुद्धा टाकायचे नाहीत. ज्याच्यावर लिहिलेलं असे त्याला ते कधी कळायचंच नाही. 'पानी'वाली चिठ्ठी आमच्या खोक्यात पडली असती तर ती सरांच्या खिशातच राहिली असती. या ॲपमध्ये चिठ्ठी फाडणारं कोणी नाही. एनजीएलवाले म्हणत होते की त्यांचं एआय घाणेरडे मेसेज गाळतं, तो दावाही खोटा असल्याचं आयोगाने म्हटलं. आणि गाळावं असं त्यांना वाटेल तरी का? 'आवाज भारीये' लिहिणारा कोण हे बघायला कोणी पैसे भरत नाही. झोंबणाऱ्या मेसेजसाठीच भरतात.

निनावी लिहिणं म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. आमच्या कॉलेजचं एक कन्फेशन पेज आहे, आमचाच एक विद्यार्थी चालवतो. गुगल फॉर्मवर मजकूर येतो, तो वाचून टाकायचा की नाही ते ठरवतो. गेल्या वर्षी एका रात्री कोणीतरी फॉर्ममध्ये लिहिलं की आता जगायचं नाही. हा सतरा वर्षांचा मुलगा, सकाळी कॉलेज उघडायच्या आधी स्टाफरूमच्या दाराशी उभा, हातात फोन, डोळे सुजलेले. त्याने पेजवर लगेच माझा नंबर टाकायला परवानगी मागितली. फोन आला, ती मुलगी आज बरी आहे. तिथे मध्ये एक माणूस होता म्हणून हे झालं. त्या पोराचा मला फार अभिमान आहे आणि एवढं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असणं मला मंजूर नाही. आता ते पेज आम्ही दोघं मिळून बघतो.

ॲपवाल्यांचा मात्र इतिहास बघा. २०१७ च्या पावसाळ्यात साराहा नावाच्या निनावी मेसेजच्या ॲपची लाट आली होती, आमच्या स्टाफरूममधल्यांनीही लिंक टाकल्या होत्या. सौदी अरेबियातल्या झैनुलआबेदीन तौफीक यांनी ते आधी कर्मचाऱ्यांना साहेबापर्यंत मोकळेपणी मत पोचवता यावं म्हणून काढलं होतं. ते पोरांच्या हाती गेलं. त्याच ऑगस्टमध्ये उघड झालं की ॲप फोनमधले सगळे संपर्क आपल्या सर्व्हरवर चढवतंय. ऑस्ट्रेलियातल्या एका आईने तिच्या मुलीला मरून जा असे मेसेज आले म्हणून ऑनलाइन अर्ज मांडला, चार लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि २०१८ च्या सुरुवातीला ॲपल आणि गुगल दोघांनीही साराहा काढून टाकलं. सीक्रेट २०१५ मध्ये बंद पडलं, यिक यॅक २०१७ मध्ये. स्नॅपचॅटला जोडून चालणाऱ्या योलोवर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका आईने मुलगा गमावल्यावर दावा लावला, तेव्हा स्नॅपचॅटने आधी ते तोडलं आणि २०२२ मध्ये आपल्याला जोडलेल्या ॲप्सना निनावी मेसेजची मुभाच बंद केली. एक बंद होतं, दुसरं उभं राहतं.

सह्यवारा, तुमची काळजी समजते, पण फोन काढून घेतला तर पोर पुढच्या वेळी काही सांगणार नाही. आज ती मावशीकडे पैसे मागायला आली म्हणून तर हे कळलं.

आणि मंजिरीताई, त्या बाकावरच्या मैत्रिणीचा विचार करा. तिला काहीच माहीत नाही आणि रोजची मैत्रीण बोलेनाशी झाली आहे. कदाचित ती घरी बसून रडत असेल. भाचीला सांगा, तिला विचारायचं तर समोर बसून विचार. 'तूच लिहिलंस का' असं नाही, 'मला असा मेसेज आलाय, मला फार लागलंय' एवढंच. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

टंकसाळ:

अपर्णामॅडमशी सहमत. तांत्रिक बाजू थोडक्यात लिहितो, म्हणजे भाचीलाच वाचायला देता येईल.

लिंक उघडली की साधं वेबपेज उघडतं. पाठवणाऱ्याला ॲप घ्यावं लागत नाही, लॉगिन करावं लागत नाही. म्हणजे ॲपकडे त्याचं नाव येणार कुठून? फार तर आयपी ॲड्रेस (म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), फोन कोणत्या कंपनीचा आणि मॉडेलचा, वेळ, आणि आयपीवरून काढलेलं अंदाजे गाव. आपल्याकडे मोबाइल डेटावर एकाच आयपीमागे असंख्य लोक असतात आणि नाशिकमधल्या माणसाचं गाव मुंबई दिसणं रोजचं आहे. 'मुंबई, अँड्रॉइड' एवढ्यावरून तिच्या वर्गातली निम्मी मुलं संशयित ठरतील. पैसे भरून मिळेल ते इतकंच, आणि त्यातून एखाद्या निरपराध पोरावर नाव येईल ते वेगळंच.

पोलिसांना मात्र आयपी आणि वेळ यावरून मोबाइल कंपनीकडून पुढचा माग काढता येतो. तो मार्ग गुन्ह्यासाठी, टोमण्यासाठी नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवा, मगच पुढचं काय ते करा.

कोरांटी:

मी दुसरी बाजू मांडते. परभणीजवळच्या गावात वाढले. एमपीएससीचे प्रयत्न फसत होते, घरी लग्नाची घाई, आणि मनात जे चाललं होतं ते बोलायला कोणी नव्हतं. नावाने बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा झाली असती. तेव्हा एका निनावी गटात लिहिलं. एका अनोळखी बाईने रात्रभर मला उत्तरं दिली. ती कोण हे मला आजही माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. म्हणून निनावीपणावर सरसकट बंदी घाला असं कोणी म्हटलं की मला ते आवडत नाही.

फरक मला असा वाटतो. मी नाव लपवलं ते माझं दुःख सांगायला. 'पानी' लिहिणाऱ्याने नाव लपवलं ते दुसऱ्याला दुखवायला. त्या पोरीला माझ्याकडून सांगा, मी पण 'पानी'च म्हणते, नोकरीच्या मुलाखतीत पण तसंच म्हटलं आणि नोकरी लागली.

अपर्णा_सांगली:

कोरांटी, तुमचं एकूण एक वाक्य पटलं. धन्यवाद.

मनोमय_समुपदेशक:

शाळेत समुपदेशनाचं काम करतो. एक नाजूक गोष्ट सांगतो, या प्रकरणात ती लागू असेलच असं नाही. अमेरिकेत हिंदुजा आणि पॅचिन यांचा १२ ते १७ वयाच्या मुलांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६ टक्के मुलांनी सांगितलं की स्वतःबद्दलचा वाईट मजकूर त्यांनी स्वतःच निनावीपणे टाकला होता. अशी मुलं माझ्याकडेही आलेली आहेत. आपण विचारावं, कोणीतरी आपली बाजू घ्यावी, यासाठी ती तसं करतात. म्हणून मेसेज कोणाचाही निघो, 'कोण' यापेक्षा 'तुला कसं वाटतंय' हे आधी विचारा. जेवण-झोप अशीच बिघडलेली राहिली तर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच.

ॲड_सातारकर:

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धमकीचा गुन्हा आहे, आणि निनावीपणे किंवा ओळख लपवून धमकी दिली तर पोटकलम ४ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा आहे. पण तुम्ही लिहिलेले तिन्ही मेसेज धमकीत बसत नाहीत. आयटी कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, त्यामुळे नुसता त्रासदायक मजकूर म्हणून ते कलमही लावता येत नाही.

उद्या फोटो मागितले, मॉर्फ केलेला फोटो पाठवला, 'भेट नाहीतर अमुक करीन' असं आलं, तर एक तासही थांबू नका. मुलगी अल्पवयीन आहे, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागू शकतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तेही लक्षात असू द्या.

मंजिरी_नाशिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा भाचीला वाचायला दिला. कोरांटी, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला.

परीक्षा केली. माझ्या फोनवर खातं काढलं, माझं नाव टाकलं, वय खरं टाकलं, लिंक कोणालाही दिली नाही. रात्री जेवणं झाल्यावर फोन वाजला. तेच इंग्रजी वाक्य, 'तू काय केलंस ते मला माहीत आहे', एक अक्षर इकडचं तिकडे नाही. भाचीने स्वतःचा फोन आणला, दोन्ही स्क्रीन शेजारी धरून बघितल्या. मला वाटलं तिला हसू येईल, पण ती भयंकर चिडली. 'मावशी, मी यांच्यापायी तिच्याशी बोलणं सोडलं,' म्हणाली. दुसरं वाक्य अजून आलेलं नाही, पण तेही तसलंच असणार.

मैत्रिणीशी बोलली. तिचा चेहरा पडला, तिला खरंच काही माहीत नव्हतं. उलट तिला वाटत होतं की गॅदरिंगमध्ये सोलो मिळाल्यापासून हिला गर्व झालाय. 'पानी' कोणी लिहिलं ते कळलेलं नाही आणि आता ती शोधायलाही जाणार नाही म्हणते. ते लागलंय मात्र, ते गेलेलं नाही. प्रॅक्टिसला गेली, पण निवेदन करणार नाही, फक्त गाणार, असं सरांना सांगून आली. मला ते बरं वाटलं नाही, पण लगेच आग्रह केला नाही.

ताईला सांगितलं. घाबरली, पण 'परत नेते' म्हणाली नाही. रविवारी भावोजी येणार आहेत भेटायला.

आता एकच शंका. तिने मला विचारायच्या आधी वर्गातल्या एका मुलाच्या फोनवरून एका आठवड्याचे पैसे भरले होते, हे आत्ता सांगितलं. ॲप तर दोघांनीही काढून टाकलंय. आता पैसे कटणार नाहीत ना?

टंकसाळ:

कटतील. ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. त्या मुलाच्या फोनवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारा, 'पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स' मध्ये जाऊन ते रद्द करा. मग ज्या यूपीआय ॲपवरून पैसे गेले तिथे 'ऑटोपे' मध्ये मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, अजून दिसतंय का बघा, दिसलं तर तेही रद्द करा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सर्वात वर स्वतःच्या नावावर टिचकी मारली की सबस्क्रिप्शन्स दिसतात. आठवडा भरायच्या आत करा, आज रात्रीच केलंत तर उत्तम.

आणि भाचीचं खातंही काढायला लावा. त्यासाठी ॲप पुन्हा घ्यावं लागलं तरी चालेल, आत जाऊन 'डिलीट अकाउंट' करा. नाहीतर तिची लिंक तशीच चालू राहील.

मंजिरी_नाशिक:

तो मुलगा आमच्याच सोसायटीत आहे, आत्ताच जाऊन येते. झालं की इथे कळवते.